गुरुवारचा नमुना

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी नमुना घेतला. डबीवर तारीख घातली, डबी पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात. दाढी, अंघोळ. आठच्या बसने संशोधन संस्थेत जाऊन प्रयोगशाळेतल्या मुंगीच्या हातात डबा दिला. दहापर्यंत घरी. दुपारी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. गळत होता.

ठकीने छापून दिलेले तक्ते संपले. त्यात रोज लिहायचं असे, काय खाल्लं, पोट कसं आहे, ताप आहे का, कुठलं औषध घेतलं का. मुंगीकडे नवे तक्ते मागितले तर म्हणाली, "काका, कुठल्याही वहीत लिहा, चालेल." म्हणून ही डायरी काढली. मी निवृत्त झालो त्या वर्षी वीज कंपनीने दिलेली आहे. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन.

रकान्यांत लिहायची सवय झाल्याने कोऱ्या पानावर काय लिहावं ते कळत नाही. ठकी माझी मुलगी. ऑक्टोबरमध्ये गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. अडतीस वर्षांची होती. एवढं लिहून ठेवतो.

९ जानेवारी, शुक्रवार

पोट ठीक. ताप नाही. औषध नाही.

मी कधी आजारी पडलो तर डबा हिला न्यावा लागेल. म्हणून कामाची पद्धत मांडून ठेवतो.

माणूस इस्पितळात राहून घरी आला की कधी कधी आतड्यात एखादा असा जंतू घेऊन येतो, ज्याच्यावर बहुतेक औषधं चालत नाहीत. तो काही करत नाही. इतर कोट्यवधी जंतूंमध्ये गप्प बसून असतो. पण पुढे कधी रक्तात शिरला, किंवा घरातल्या अशक्त माणसाकडे गेला, तर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. हा जंतू आपणहून निघून जातो का, आणि गेला तर किती काळाने, हे ठकी शोधत होती. हे कळलं तर इस्पितळातून आलेल्या माणसाला कधीपर्यंत जपायचं ते सांगता येईल, असं ती म्हणायची.

गेल्या मार्चमध्ये माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तिला तुलनेसाठी एक धडधाकट म्हातारा हवा होता, म्हणून तिने माझा शौचाचा नमुना नेला. त्यात नेमका तो जंतू निघाला. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, धडधाकटांच्या यादीतून तुम्ही बाद. पण दुसऱ्या यादीत पास." ही म्हणाली, "ताटावर हे विषय नकोत." ठकी म्हणाली, "बरं, मग जंतू नको म्हणू या. पाहुणा म्हणू. आला कधी ते माहीत आहे, जायचं नाव काढत नाही." तेव्हापासून पाहुणाच.

मी मीटर तपासणीच्या विभागात होतो, त्यामुळे तिने मला माझ्या भाषेत समजावलं होतं. दोन मीटर दिसायला सारखे असले तरी नंबर वेगळे असतात. जंतूचा नंबर म्हणजे त्याचा जीनोम, पन्नास लाखांवर अक्षरांचा. दर नमुन्यातली अक्षरं वाचली की पाहुणा जुनाच आहे की पहिला जाऊन दुसरा आला, ते कळतं.

तिच्या यादीत पाहुणेवाले सात निघाले. मी क्रमांक सात. बाकीचे सहा गळाले. एकाने दाढेसाठी गोळ्या घेतल्या, एकाने घर बदललं, एकाच्या सुनेने डबी फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही. अँटिबायोटिक घेतलं तर माणूस बाद, हा नियम चौथा. कारण मग जंतू आपणहून गेला की औषधाने सगळंच उलटंपालटं झालं, ते सांगता येत नाही. वर्षभर दर गुरुवारी नमुना द्यायचा. माझी मुदत मार्चअखेर संपते.

१५ जानेवारी, गुरुवार

नमुना दिला. पोट ठीक.

फाटकावर नवा रखवालदार आहे. डब्याकडे बघून म्हणाला, "काय काका, सुनेला डबा?"

"नाही."

"मग लेकीला?"

मी हो म्हटलं. तसं ते खोटं नाही.

"नशीब काढलंय बुवा लेकीने. आमच्या बापाने आम्हाला कधी पाण्याचा पेला दिला नाही. काय आहे आज?" म्हणून त्याने झाकणाकडे हात नेला. मी डबा छातीशी धरला. "अहो, खात नाही मी!" म्हणाला.

हे ठकीला सांगायला हवं होतं. ती जोरात हसली की तिला ठसका लागायचा, आणि मग ही धावत पाणी आणायची.

मुंगी म्हणजे ठकीच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. सारखी काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते म्हणून ठकीनेच हे नाव ठेवलं. तिला विचारलं, "पाहुणा काय म्हणतो?"

"आहे अजून, काका."

२२ जानेवारी, गुरुवार

मुंगी आज फाटकावरच उभी होती. वर प्रयोगशाळेत रंगकाम चालू आहे म्हणाली. मला रंगाचा वास आला नाही, पण इमारत मोठी आहे.

पूर्वी डबीवर छापील पट्टी चिकटवून ती यंत्रासमोर धरत, टुक असा आवाज येई. आता मुंगी डबा तसाच आपल्या पिशवीत टाकते. मी म्हटलं, "पट्टी?" म्हणाली, "वर जाऊन लावते." पूर्वी परत येताना बर्फही तेच भरून देत. आता मी घरी जमवतो. खर्च कमी करत असतील. सगळीकडे तेच आहे.

तिच्या बाह्यांना माशांचा वास येत होता. विचारलं, तर म्हणाली तळमजल्यावर टाक्या आहेत, तिथलंही थोडं बघावं लागतं. पोर दोन-दोन कामं करते. ठकी असती तर तिच्यासाठी साहेबांशी भांडली असती.

पाहुणा आहे अजून.

२५ जानेवारी, रविवार

पोट ठीक. थोडा खोकला. औषध नाही, गरम पाणी घेतलं.

ही गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होती. मी गेलो तेव्हा म्हणत होती, "चालू दे गं अजून थोडे दिवस. तुला त्रास होतो ते कळतंय मला." मला बघून फोन ठेवला. कोण होतं विचारलं, तर बहीण, तिचे गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत. मेहुणीचा आळस मला चाळीस वर्षं माहीत आहे. म्हटलं, "तिला सांग, मध्येच सोडू नकोस म्हणावं."

ही म्हणाली, "सांगते."

२९ जानेवारी, गुरुवार

फाटकात विभागप्रमुख भेटले. ठकी गेली तेव्हा घरी येऊन बसले होते. गाडीची काच खाली करून म्हणाले, "अरे, तुम्ही इकडे? काही कागदपत्रं राहिली का?"

मी डबा वर केला. म्हटलं, "गुरुवार."

ते डब्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात मुंगी पळत आली. "सर, काका माझ्याकडे आलेत." साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि काच वर केली.

मला राग आला नाही. एवढा मोठा विभाग, कुणाचा कुठला वार हे त्यांच्या ध्यानात कसं राहणार. मुंगीचा चेहरा मात्र उतरला होता. म्हटलं, "साहेब रागावले का?"

"नाही काका. तुमची बस चुकेल."

हिने मुंगीसाठी संत्री दिली होती. ती द्यायची राहिली, परत आणली. ही म्हणाली, "एक काम धड होत नाही तुमच्याने." खरं आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नमुना दिला. आहे अजून.

घरी आलो तर संस्थेतून ठकीचं सामान आलेलं. एक खोकं. सपाता, कप, टेबलावरचा दिवा, पांढरा कोट. तिच्या टेबलाची जागा कुणाला तरी लागत असणार. फ्रीझरमधल्या माझ्या डब्यांबद्दल काही निरोप नाही, म्हणजे त्या जागच्या जागी आहेत आणि काम चालू आहे. एवढं बरं वाटलं.

हिने कोट धुऊन दोरीवर टाकला. मी गॅलरीत जाऊन परत आत आलो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नमुना दिला. बसमधून उतरताना पायरीच्या पत्र्याने नडगी खरवडली. थोडं रक्त. रखवालदाराने पाणी दिलं, त्या पाण्याने धुतलं. म्हणाला, "लेकीला सांगा, बापाला रिक्षाचं भाडं दे म्हणावं."

आहे अजून.

२२ फेब्रुवारी, रविवार

पोट ठीक. नडगीभोवती लाल झालं आहे. हात लावला तर गरम लागतं. शेकलं. हिला दाखवलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

हिने पाय बघितलाच. मी चप्पल घालताना कण्हलो म्हणे. डॉक्टरांकडे नेलं. आमचे डॉक्टर जुने आहेत. पाय बघून म्हणाले, "मीटरवाले, हा पाय आहे की भोपळा?"

कातडीखाली जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक आजच सुरू, सात दिवस. त्यांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून दिली. लाली रेघेबाहेर गेली तर सरळ इस्पितळात यायचं म्हणाले.

मी विचारलं, "गोळ्यांशिवाय दुसरं काही? मलम वगैरे?"

"आहे ना. करवत."

स्वतःच हसले. ही हसली नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

थोडा ताप. पोट ठीक. औषध नाही.

ही पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते. गोळी जिभेखाली धरतो, ही वळली की काढून रुमालात. लहान मुलासारखं वागतो आहे.

हे शहाणपणाचं नाही हे मला कळतं. पण दुसरी बाजूही मांडून ठेवतो. सहा जण गळाले. मी गळालो तर सातही गेले, आणि ठकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला माणूसच उरत नाही. चालू चाचणीत मीटरला हात लावायचा नाही, ही माझी उभ्या जन्माची नोकरी. सील एकदा तोडलं की मागचं सगळं वाचन फुकट. मुदत संपायला थोडेच गुरुवार आहेत. लाल पाय त्याआधीही बरे होत असतील. गोळ्या निघायच्या आधीही लोकांना पाय होते.

ठकी असती तर तिनेच गोळी माझ्या तोंडात कोंबली असती. पण नियम तिने केला होता, तो वाकवायचा अधिकार तिचा. माझा नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ताप. लाली रेघेच्या बाहेर बोटभर. पँट खाली ओढून बसलो. हिने विचारलं, "उतरतंय का?" म्हटलं, हो.

हिच्याशी खोटं बोलायची सवय नाही. बोलल्यावर दमल्यासारखं होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं नीट लिहितो.

सकाळी नमुना घेतला. ही नको म्हणत होती, "एक गुरुवार गेला तर आभाळ कोसळत नाही." मी निघालो. बसमध्ये थंडी भरून आली. फाटकापाशी डबा देताना मुंगीच्या हाताला माझा हात लागला.

"काका, चटका बसतोय!"

तिने मला रखवालदाराच्या खुर्चीवर बसवलं आणि पँट वर करून पाय बघितला. रेघ कुठल्या कुठे राहिली होती.

"ही रेघ कुणी मारली?"

"डॉक्टरांनी."

"मग गोळ्या दिल्या असतील ना? घेताय ना?"

मी पँट खाली ओढली. मग म्हटलं, "नियम चार."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. मग भराभर बोलायला लागली, "चालतं काका, घ्या गोळ्या, उलट त्याने काय बदल होतो ते आम्हाला बघायचंच आहे."

"मला शिकवू नकोस. ठकीने तो कागद मला वाचून दाखवलाय. माणूस बाद."

"नियम बदललाय."

"कुणी बदलला?"

रखवालदार म्हणाला, "काका, एवढी पोरगी सांगतेय तर ऐका की. हीच का तुमची लेक?"

मुंगी माझ्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "काका, बाद व्हायला काही उरलेलंच नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"काम बंद झालं. ताईंच्या नावावर मंजुरी होती. नोव्हेंबरातच बंद झालं. मला माशांच्या खाद्याचं काम दिलंय. वरचा फ्रीझर दुसऱ्यांना दिला."

"माझ्या डब्या?"

"डिसेंबरात जाळायला गेल्या. इस्पितळाच्या कचऱ्याबरोबर."

"आणि त्यानंतरच्या?"

तिने डब्याकडे बघितलं.

"मग ते 'आहे अजून'?"

"मी आपलं सांगत होते, काका."

"मग तो आहे की गेला?"

"माहीत नाही. ताईंनी ऑक्टोबरात बघितलं तेच शेवटचं. त्यानंतर कुणी बघितलेलंच नाही."

रखवालदार फाटक उघडायला गेला. गाडी कुठलीच आलेली नव्हती.

मला राग यायला हवा होता. मुंगीच्या केसांत माशांच्या खाद्याचा भुसा अडकला होता, तो काढावा की नको एवढंच माझ्या मनात येत होतं. काढला नाही.

मग ती म्हणाली, "ताईंनी करून ठेवलेल्या काही ताटल्या आहेत माझ्याकडे. औषध घातलेल्या. त्यावर फक्त पाहुणाच वाढतो. आजचा नमुना त्यावर लावते. शनिवारी कळेल. पण गोळी आत्ता, माझ्यासमोर."

पाकीट माझ्या खिशात होतं. रखवालदाराने पाणी दिलं. मी गिळली. मुंगी म्हणाली, "तोंड उघडा. जीभ वर करा." हिच्यापेक्षा हुशार.

मी विचारलं, "या गोळीने तो मरेल?"

"तो असला तर तो नाही मरणार, काका. बाकीचे बिचारे मरतील."

रिक्षाने तिने मला थेट डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन. या वेळी डॉक्टर विनोद करत नव्हते. उद्या-परवाही यायला सांगितलं आहे, आणि ताप चढला तर विचारत बसू नका, इस्पितळात जा म्हणाले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप कमी. इंजेक्शन घेतलं. गोळी घेतली, खरोखर.

दुपारी ही भाजी निवडत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

मान वर न करता म्हणाली, "डिसेंबरात साहेबांचा फोन आला होता. तुम्हाला सांगा म्हणाले. मी घेतला."

"आणि त्या पोरीला खोटं बोलायला लावलंस?"

"लावलं."

"कशासाठी?"

"तुम्ही गुरुवारी दाढी करत होता."

मी गालावरून हात फिरवला. कालची होती.

थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुम्ही जिभेखाली गोळ्या लपवत होता. रुमालात सापडल्या मला. फिटंफाट." हे बोलताना तिचा आवाज फाटला. "एक गेली. तुम्ही पण चालला होतात. कशासाठी? कचऱ्यासाठी?"

मी म्हटलं, "मला काय माहीत तो कचरा आहे."

मग ती बराच वेळ त्याच जुडीची पानं खुडत राहिली. निम्मी चांगली पानं सालींमध्ये टाकली. मी ती वेचून परत ताटात ठेवली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लाली रेघेपर्यंत परतली. डॉक्टर म्हणाले, "भोपळ्याचा दुधी झाला."

संध्याकाळी मुंगी घरी आली. ही तिला आत ये म्हणाली, पण दोघी दारात जरा अवघडल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग मुंगीने फोनवर फोटो दाखवला. गोल ताटली, पिवळसर, कोरी.

"तो असता तर इथे गुलाबी ठिपके उठले असते," म्हणाली.

ही म्हणाली, "म्हणजे गेला? बरं झालं बाई. सुटलो."

"एका ताटलीवरून नक्की नाही सांगता येत, काकू. कधी कधी थोडाच असतो, दिसत नाही. ताई लागोपाठ तीन बघायच्या."

"मग अजून दोन लाव."

"आता काकांच्या पोटात गोळ्या आहेत. आता बघून उपयोग नाही."

मी विचारलं, "गेलाच असेल, तर कधी गेला?"

"ऑक्टोबर ते आता. यांच्या मध्ये कधीतरी."

"मधलं काहीच नाही?"

"मधलं मी फेकलं, काका."

ती रडायला लागली. म्हणाली, निदान एकेक ताटली लावायला हवी होती, ताटल्या तर होत्याच, पण बंद झालेल्या कामाचं काही करताना कुणी बघितलं तर काय सांगायचं अशी भीती वाटायची. हिने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला तरी काय ठाऊक." मीही काहीतरी बोलायला हवं होतं. चहा गार होतोय एवढंच म्हणालो.

जाताना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. ती म्हणाली, "काका, गुरुवारी या ना तसेच. कँटीनमध्ये बसू." म्हटलं, बघू.

१ मार्च, रविवार

पोट बिघडलं आहे. गोळ्यांनी असं होतं म्हणाले. ताप नाही.

काल जे कळलं ते सारखं मनात येतं. कुलूप लावलेल्या घराचं मीटर वाचता आलं नाही की आम्ही मागची सरासरी लावून बिल पाठवायचो. पुढच्या महिन्यात घर उघडं मिळालं की हिशेब जुळून यायचा. इथे पुढचं वाचन नाही. ठकीला एवढंच हवं होतं, तो कधी जातो ते. ते बहुतेक घडून गेलं. नोव्हेंबरात असेल, जानेवारीत असेल. बसमध्ये असताना असेल, दुपारी पडलो असताना असेल. माझ्याच पोटात घडलं आणि मला कळलं नाही. आणि घडलंच, असंही म्हणता येत नाही.

ती गेली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एवढंच. ही ओरडली तेव्हा गेलो.

हे आधी कुठे लिहिलं नव्हतं.

३ मार्च, मंगळवार

पोट तसंच. पाय चांगला.

मुलीचं काम दुसरं कुणी पुढे नेईल का, हे साहेबांना विचारायचं म्हणून फोन केला. बैठकीत आहेत म्हणाले. दुपारी परत केला. त्यांनी स्वतः घेतला. चांगलं बोलले. "फार हुशार होती हो. प्रश्नही चांगला होता. पण आता माणूस नाही, पैसा नाही, आणि नमुनेही नाहीत. नव्याने सुरू करायचं म्हटलं तर पहिल्यापासून." मी म्हटलं, मी पहिल्यापासून देईन. ते म्हणाले, "त्यासाठी तुम्हाला परत पाहुणा लागेल ना." ठकीचा शब्द त्यांनाही माहीत होता. मी धन्यवाद म्हणून ठेवला.

ही आत होती, तिने ऐकलं असावं. ठकीचा कोट इस्त्री करून कपाटात ठेवला, माझ्या शर्टांच्या शेजारी. दुसरीकडे जागा नाही म्हणाली.

५ मार्च, गुरुवार

गोळ्या काल संपल्या. ताप नाही. पोट बरं.

सवयीने लवकर जाग आली. ही झोपली होती. संडासात गेलो. डबी नेली नाही. साखळी ओढली. पाणी गेलं. टाकी भरत होती तोवर आत उभा राहिलो. आवाज थांबल्यावर हात धुतले आणि बाहेर आलो.